लाल टाक्याच्या चपला

कॅनडाला जाण्याआधी योगराज दोन दिवसांसाठी रावेरजवळच्या गावी आला, तेव्हा ओट्यापाशी लहान मुलाच्या चपला होत्या. डाव्या पट्ट्याला लाल दोऱ्याचा टाका.

"कोणाच्या गं?"

"असतील कोणाच्या," म्हणत आई आत वळली.

एकुलता एक मुलगा परदेशी निघालेला, आणि घरात कोणाचा डोळा ओला नाही. हेच त्याला खटकत होतं.

दुसऱ्या दिवशी तो वडिलांबरोबर केळीच्या बागेत गेला. घड उतरवलेलं खोड आबांनी कापलं आणि बुंध्याशी फुटलेल्या कोवळ्या पिलाला माती लावली.

"आता हेच वाढेल. बागेले काय फरक पडते?"

घरी परतला, तर चपला तिथेच होत्या. टाकाही तोच होता, पण चपला मोठ्या झाल्या होत्या.

निघताना आईने हातावर दही दिलं. त्याने घाईत पायात चपला सरकवल्या, त्या बरोब्बर बसल्या. खाली पाहिलं, तर लाल टाका. त्याने त्या झटकल्या, स्वतःचे बूट उचलले आणि अनवाणीच गाडीत बसला.

गाडी हलली. आई दारातच होती, पण पाठमोरी. घरात पाहून लाडाने हाक मारत होती,

"योगराज, ये रे बाहेर. गेला तो."