रुबाबचा डोळा लागला

रेसकोर्सवरून निवृत्त झालेला घोडा रुबाब यामिनीच्या रायडिंग स्कूलमध्ये आला, तेव्हापासून तो एकदाही आडवा झाला नव्हता. पत्रा वाजला तरी थरथरायचा, उभ्यानंच पेंगायचा. "गाढ झोपेसाठी घोड्याला आडवं व्हावंच लागतं. असाच जागत राहिला तर एक दिवस कोसळेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासरे तर पहिल्यापासून कुरकुरत होते, "शर्यतीचं जनावर ते. इथं रुळायचं नाही."

त्या दुपारी ती गावातून परतली, तर रुबाब कुरणात मान टाकून निपचित पडलेला. हातातली पिशवी फेकून ती धावली. "रुबाब!"

घोड्याशेजारी गवतात सासरे बसले होते. त्यांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, सूनबाई! आत्ता कुठं डोळा लागलाय पोराचा."

रुबाब चक्क घोरत होता. यामिनी तिथंच मटकन बसली आणि ते घोरणं ऐकत राहिली.