निळी हिलमन

हंबीररावांनी निळ्या हिलमन गाडीचं मागचं दार उघडलं, खालची रबरी चटई उचलली आणि पत्र्याच्या सांध्यातून बोट फिरवलं. बोटाला बारीक करडा चिखल लागला.

"गाडी पाण्यात होती," ते म्हणाले.

शेजारी उभ्या असलेल्या नागनाथांनी नुसती मान हलवली. त्यांच्या पत्नी ठकुबाई आत आल्या नव्हत्या. शेडच्या दाराशी, पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या.

शेड हयवदनची, बंगळुरातल्या लालबागच्या मागच्या रस्त्यावर. जुन्या विलायती गाड्या घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या, हा त्याचा धंदा. बाहेरून नव्या गाड्या येणं बंद झाल्यापासून तो तेजीत होता.

"स्वल्प पाणी शिरलं होतं, मी नाही म्हणत नाही," हयवदन म्हणाला. "दलालाकडून आली तेव्हाच शिरलेलं. इंजिन सगळं उघडून साफ केलंय. सीटा नव्या घातल्यात. तुमच्यापासून काय लपवायचं, सर?"

हंबीररावांपासून लपवण्यात अर्थ नव्हताच. बस खात्यात त्यांनी इंजिनिअर म्हणून उभी हयात काढली होती. आता निवृत्त होऊन चामराजपेटेत राहत होते, आणि जुनी गाडी घेणारा मराठी माणूस आधी त्यांच्याकडे येत असे. नागनाथ तसेच आले होते. मूळचे बेळगावकडचे, इथल्या एका कारखान्यात नोकरीला. ओळख ना पाळख. दारात उभं राहूनच त्यांनी सांगितलं होतं, "एक गाडी बघायची आहे. खरी कशी आहे तेवढं सांगा. ब्रेकचं तर जरूर बघा."

"पाण्यात बुडालेली गाडी घेऊ नका, असंच मी एरवी सांगतो," हंबीरराव आता म्हणाले.

"ते असू दे, अण्णा. ब्रेक बघा की."

हयवदनने चाकं उतरवून दिली. "ब्रेकचं मी फक्त पुसून वाळवलं, सर. बदललं काही नाही. गरजच नव्हती."

हंबीरराव सतरंजी टाकून गाडीखाली शिरले. बॅटरीच्या उजेडात त्यांनी ब्रेकची नळी या चाकापासून त्या चाकापर्यंत बोटांनी चाचपली. हयवदनला पेडल दाबायला लावलं, दाबून धरायला लावलं. कुठे ओल नाही, चीर नाही. ते बाहेर आले आणि हात पुसू लागले.

"उत्तम आहेत."

नागनाथांचा चेहरा उजळला नाही. "नीट बघितलात?"

"बघितलं."

"मधे कधी गेले असतील, आणि मग कुणी दुरुस्त केले असतील. तसं होतं ना?"

"होतं. पण तेल गळलं की खुणा राहतात. आणि दुरुस्त करायचं तर नट फिरवावे लागतात. या नटांवर कारखान्यातला रंग अजून तसाच आहे. त्यांना कुणी हात लावलेला नाही."

या माणसाला पूर्वी कुणीतरी चांगलंच फसवलेलं दिसतंय, हंबीररावांना वाटलं. अशी गिऱ्हाइकं त्यांनी पाहिली होती. चांगलं सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसत नसे.

"चाकं चढवू दे. चालवून बघू," ते म्हणाले. "अक्का, तुम्हीही बसा मागे."

ठकुबाईंनी नकारार्थी मान हलवली आणि तोंड फिरवलं.

गवीपुरच्या उतारावर हंबीररावांनी गाडी सोडली आणि मध्यावर ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, सरळ उभी राहिली.

"आणखी जोरात सोडा," नागनाथ म्हणाले.

हंबीररावांनी पुन्हा वर नेऊन सोडली. ती पुन्हा थांबली.

"स्टिअरिंगमध्ये काही? एकीकडे ओढत असेल."

"दोन्ही हात सोडले तरी सरळ जाते. आणि ब्रेक म्हणाल, तर कुणीही पाय ठेवला असता तरी ही थांबली असती."

नागनाथ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या हनुवटीला कंप सुटला होता. हंबीररावांना वाटलं, उताराची भीती बसली असेल. त्यांनी परतताना गाडी अगदी सावकाश घेतली.

शेड दिसू लागली तशी नागनाथांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"इथंच थांबवा थोडं. एक विनंती आहे, अण्णा. आमच्या मंडळींना सांगा, ब्रेक खराब आहेत. पहिल्यापासूनच खराब होते म्हणून सांगा."

हंबीररावांनी इंजिन बंद केलं. त्यांना राग आला होता, पण आवाज त्यांनी चढवला नाही.

"नागनाथराव, गाडी नको असेल तर नको म्हणा. हयवदन काही गळ्यात बांधत नाही. पण चांगल्या गाडीला मी वाईट म्हणत नाही. आणि बायकोशी खोटं बोलायला माझी जीभ कशाला हवी तुम्हाला?"

"माझं ती ऐकत नाही. समजूत घालतोय म्हणते. जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकायचं म्हणून आलीय."

समोर ठकुबाई शेडमधून रस्त्यावर आल्या होत्या. भर उन्हात, कपाळावर हात धरून गाडीकडे बघत होत्या.

"आम्हाला गाडी घ्यायची नाहीच," नागनाथ म्हणाले. "ही आमच्या मुलाची, कृष्णातची. हीच घेऊन तो तळ्यात गेला. आणि ब्रेक लागले नाहीत म्हणून गेला, एवढ्या एकाच गोष्टीवर ती जगतेय."