मागची खोली

करसल्लागार बाईंनी चपला दाराशी काढल्या, पर्समधून मोजायची टेप काढली आणि विचारलं, "काम कुठे करता तुम्ही?"

सून एवढ्यानेच हरखली. यातून मिळतं किती, हे सगळ्यांनी विचारून झालं होतं. कुठे करतेस, हे कुणाला सुचलं नव्हतं.

"मागच्या खोलीत. या ना."

सोफ्यावर हिशेबाचे काका चहा पीत बसले होते. सासऱ्यांचे, म्हणजे अण्णांचे, बालमित्र. घरातल्या सगळ्यांचा कर आजवर तेच भरत आले होते. सून कामाच्या पहिल्याच वर्षी बाहेरची बाई बोलावतेय म्हटल्यावर अण्णांनी त्यांनाही मुद्दाम आजच बोलावून घेतलं होतं.

"आता काय, खोल्या मोजून कर भरतात?" काका अण्णांना म्हणाले. मग सुनेकडे वळले. "अगं पोरी, तुझ्या दुरुस्त्यांचं जे काही आहे ते मी तुझ्या नवऱ्याच्या कागदात एका ओळीत बसवतो. कप खाली ठेवायच्या आत."

"बसेल," बाई म्हणाल्या. "पण मग धंदा यांच्या नवऱ्याचा होईल."

सुनेच्या कामाला अण्णा 'सूनबाईंचं खेळणं' म्हणत, आणि ते प्रेमानेच म्हणत, ही त्यातली अडचण होती.

मागच्या खोलीत टेबलावर एका शाळेचे सूक्ष्मदर्शक उघडे पडले होते. कपाटात दुर्बिणी, प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. कोपऱ्यात हवा कोरडी ठेवणारं यंत्र घुरघुरत होतं.

"ओल धरली की भिंगाला बुरशी लागते," सून भराभर सांगत सुटली. एरवी ती चार शब्दांत भागवणारी. "ही बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. वेळेत पुसली तर निघते. उशीर झाला तर काच खाते."

बाईंनी खरंच डोळा लावून पाहिलं. मग टेपचं एक टोक सुनेच्या हातात दिलं. "घरातली जेवढी जागा फक्त धंद्याची, तेवढा घराचा खर्च धंद्याचा धरता येतो, कर कमी होतो. धरा घट्ट."

सुनेने टेप भिंतीला टेकवली. ही खोली आज पहिल्यांदाच कुणीतरी कामाची जागा म्हणून मोजत होतं.

टेप मध्येच खाटेला अडली.

"ही कुणाची?"

"अण्णांची. दुपारी इथेच पडतात. कोरडी हवा ना, त्यांना छान झोप लागते."

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. बाईंनी टेप सोडून दिली. ती सर्रकन आत गेली.

"मग नाही धरता येणार."

अण्णा आणि काका एव्हाना दारात येऊन उभे होते. "धरा की," काका म्हणाले. "हा इथे घोरतो की नाही, ते बघायला कोण येणार आहे?"

बाई पेन हातात धरून सुनेकडे बघत राहिल्या.

सुनेची नजर दुर्बिणींच्या चिठ्ठ्यांवर गेली. भिंग साफ करूनही ओरखडा राहिला, तर ती तसं लिहून पाठवायची. गिऱ्हाईक नाराज झालं तरी लिहायची.

"झोपतात तर झोपतात," ती म्हणाली. "खोली नका धरू. आणि काका, रागावू नका, पण माझे कागद मी या बाईंकडे देतेय. वेगळे."

बाईंनी कागदावरच्या खोलीच्या नोंदीवर काट मारली आणि खालच्या ओळीवर पेन टेकवलं. "मालक?"

"मी."

ती इतक्या घाईने म्हणाली की बाईंना हसू आलं. तिला स्वतःलाही आलं.

अण्णा आत आले. टेबलावरच्या सुट्या भिंगांकडे त्यांनी वाकून पाहिलं. हात मात्र पाठीमागे धरलेले. मग खाटेवरची उशी उचलून काखेत मारली आणि पांघरुणाची घडी घालू लागले.

"अहो अण्णा, राहू द्या. तुम्हाला बाहेर झोप लागायची नाही."

"दुकानात कुणी झोपतं का?" ते म्हणाले. "बाई, आजपासून धरता येईल?"

"आजपासून येईल. आधीचं नाही."

"आधीचं कोण मागतंय." अण्णांनी काकांना खुणेने बोलावलं. "ये, तू खाट पायाकडून धर. आणि उचलून घे, घासत नेऊ नकोस. धूळ उडेल, तिची भिंगं उघडी आहेत."