डावा बूट

कोपर उपनगरात युद्धस्मारक व्हावं म्हणून सह्या गोळा करत दारोदार फिरलेल्या माजी सैनिकांचा आज सत्कार होता. औक्षणाचं तबक सुहासिनीताईंकडे होतं, कारण सोसायटीत त्यांच्याइतकं सोवळं कोणी पाळत नसे. एकेक जण बूट काढून पाटावर बसत होता. हवालदार भोईटे मात्र बूट घालूनच उभे राहिले. “भाऊ, पाटावर बूट चालत नाहीत हो,” त्या हळूच म्हणाल्या. “मग राहू दे, ताई. मी मागे थांबतो.” “असं कसं? लिफ्ट नसलेल्या इमारती चढून सह्या तुम्हीच आणल्यात ना?” भोईटे खुर्चीवर टेकले आणि त्यांनी डाव्या पायावरची पँट वर केली. आत कृत्रिम पाय होता. “बूट काढायचा तर पायही काढावा लागेल,” ते हसत म्हणाले. सुहासिनीताईंनी पाट बाजूला सारला. खाली बसून त्यांनी देवघरात रोज वाहतात तसं त्याच बुटावर हळदकुंकू वाहिलं.