धक्क्याला लागलेली कयाक

कयाक भरतीबरोबर आली, रिकामीच, आणि घराच्या धक्क्याला हलकेच आपटली. माई भांडी विसळत होती. तिने वळून पाहिलं आणि हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं.

एकट्याने वल्हवायची ती चिंचोळी कयाक लेकाची होती. वल्हं आडवं अडकवलेलं, गळाच्या काठ्या खाचेत उभ्या, माशांचा डबा कोरडा. लेक तेवढा नव्हता.

माईने हंबरडा फोडला नाही. रडायला सगळा जन्म पडलाय, आधी पाणी बघायचं, असा तिचा खाक्या. तिने सुनेला जलपोलिसांना फोन करायला लावला आणि स्वतः शेजारच्या म्हाताऱ्या होडीवाल्याला उठवून आणलं.

घर नदीकाठी. खाली गेलं की नदीचं मुख आणि समुद्र. वर गेलं की तिवरांच्या झाडीतून गेलेले खाडीचे अरुंद फाटे. इंजिनाची होडी जिथे तळाला घासते तिथे कयाक सुळकन जाते, म्हणून लेकाचा गळाचा धंदा बरा चालला होता. ओहोटीला निघायचं, कधी खाली मुखाशी, कधी वरच्या फाट्यांत, आणि मासे घेऊन भरतीला घरी यायचं. मधे सून दुसऱ्या कयाकने त्याला जेवणाचा डबा पोचवून यायची.

जलपोलिसांचा साहेब आला तो चकचकीत बूट घालून. माईने आधी बुटांकडे पाहिलं, मग साहेबाकडे. ते काढून ठेवा, चिखल काय सलाम ठोकणार नाही तुम्हाला, असं म्हणाली. बिचाऱ्याने निमूटपणे काढले.

साहेबाने सुनेला विचारलं, शेवटचं कुठे पाहिलं. खालच्या वळणावर, डबा दिला तेव्हा, असं ती खाली मान घालून म्हणाली. तरीही एक होडी खाली आणि एक वर पाठवू या, आमची पद्धत तशी आहे, असं साहेबाचं म्हणणं पडलं.

माईचं टाळकं फिरलं.

"साहेब, रिकामी होडी पाण्याच्या मर्जीने चालते," ती म्हणाली. "भरती खालून वर येते, म्हणजे कयाकही खालूनच आली. वर काय तुमच्या मामाला शोधायचंय?"

साहेब म्हाताऱ्या होडीवाल्याकडे बघायला लागला. पाण्याच्या बाबतीत माईचा शब्द आजवर खाली पडलेला नाही, असं म्हातारा म्हणाला. लेकाच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. मोठा मासा लागला असेल, ओढताना तोल गेला असेल, पण तो तरंगत असणार. भरती चढतेय तोवर तो मुखाशी सापडेल, ओहोटी लागली की समुद्रात जाईल. माईने हे सगळं एका दमात सांगितलं आणि साहेब नि म्हाताऱ्यासकट दोन्ही होड्या खाली धाडल्या. वरच्या बाजूला कोणी फिरकलंसुद्धा नाही.

मग वाट बघणं आलं.

काठावर आळी जमली. सून सगळ्यांना चहा देत होती. नवरा पाण्यात आणि हिची साखर पुरतेय का याची काळजी, असं माई चार बायकांसमोर बोललीच. सुनेने पुढचा कप भरला. ती कपबशी डाव्या हातात धरायची नाही. गेल्या वर्षी मनगट मोडलं ते वाकडंच जुळलं. शेवाळावरून घसरली, असं डॉक्टरला माईनेच सांगितलं होतं. घरातलं घरात राहावं.

तसं बघितलं तर सून कोरड्या गावची. लग्न होऊन आली तेव्हा हिला भरती कुठली नि ओहोटी कुठली, काही कळत नव्हतं. माईने शिकवलं. मुखाशी भरती आली तरी वरच्या फाट्यांत पाणी उशिरा पोचतं. तिथल्या चिखलात पाय टाकायचा नाही. रुतलाच तर कयाकवर पोटावर पडायचं. कयाक हाताशी आहे तोवर माणूस मरत नाही. लेकाने यातलं कधी धड ऐकलं नाही. सुनेने मात्र एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारलं नाही, एवढं माई कबूल करायची, मनातल्या मनात.

भरती पुरी झाली. पाणी धक्क्याच्या पायऱ्या झाकून गप्प उभं राहिलं. तेवढ्यात दोन्ही होड्या परत आल्या. साहेबाने तोंड उघडायच्या आधीच म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि लेक सापडला नाही हे माईला कळलं. डिझेल भरून पुन्हा मुखाशी जातो, असं सांगून साहेब अनवाणीच गाडीकडे गेला. माणसं पांगली.

माई धक्क्याच्या बाकावर बसून राहिली. सून चहाचे दोन कप घेऊन आली आणि शेजारी बसली. इतक्या वर्षांत ती माईच्या बरोबरीने कधी बसली नव्हती.

"माई, वरच्या फाट्यात आता किती पाणी असेल?"

"पुरुषभर तरी. तुला काय करायचंय?"

सुनेने चहा फुंकला, घोटभर घेतला.

"सकाळी नुसता चिखल होता तिथे. गळ अडकला म्हणून ते खाली उतरले आणि कमरेपर्यंत रुतले. कयाक लांब सरकली होती. मी डबा घेऊन पोचले, तर ती जवळ ढकल म्हणून ओरडत होते."

माईच्या हातातला कप कलला. चहा लुगड्यावर सांडला, तो तिला भाजलाही नाही.

"मी ती माझ्या कयाकला बांधून खाली नेली. वळणावर भरती लागेपर्यंत थांबले आणि सोडून दिली."

माईने वळून वर, तिवरांकडे पाहिलं.

"साहेब एक होडी वर पाठवतो म्हणाले, तेव्हा मला वाटलं, आता सापडतात ते," सून म्हणाली. "तोवर पाणी त्यांच्या छातीशीसुद्धा आलं नसेल. बरं झालं माई, तुम्ही जाऊ दिली नाहीत."