बटणामागची ओळ

"आत्या, मेल्यावरही माणूस दमतं का गं?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून स्वरालीने विचारलं आणि बटण दाबलं.

आत्या गेल्यापासून अकरा वर्षं तिचं मन तिने स्वतःच बनवलेल्या जुन्या कार्ड-प्रोग्रॅममध्ये, म्हणजे संगणकावरच्या बटणं असलेल्या कार्डांमध्ये होतं. तिचं बोलणं पडद्यावरच्या चौकटीत उमटायचं.

"रमले गं बाई. उत्तरं देऊन देऊन रमले. आता बंद करा मला."

"रमली म्हणे, आणि बंद करा!" मैत्रिणी खिदळल्या.

स्वरालीने बटणामागची स्क्रिप्ट उघडली. आत्याच्या ओळींखाली बाबांच्या नावाने एक ओळ घातलेली होती: 'दमले' आलं, की 'रमले' दाखव.

तिने ती पुसली आणि स्वयंपाकघरात गेली.

"आई, बाबा, आत्या दमलीये, आणि तुम्हाला ते माहीत होतं. आज तिला निरोप द्यायचा. बंदचं बटण मी दाबणार."