अंगठ्याची दोरी

अठ्ठावन्न साली भाताची लावणी आठ दिवसांवर आली, तेव्हा माझा धाकलू पाच महिन्यांचा होता. पाळण्याच्या दोरीचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवून मी नाचणी दळायचे. जात्याबरोबर पाळणा हलायचा आणि पोर निजायचं.

सासूनं, साळूबाईनं, दोरी सोडायला लावली. "आपलं आपण निजू दे त्याला. खाचरात पाळणा घिऊन जानार हायेस व्हय?"

तीन दिवस तो माजघरात एकटा रडला. मी ओसरीवर दळत राहिले. सासू उंबरा अडवून बसली होती. चौथ्या दिवशी तो हूं की चूं न करता निजला. सासूनं ते आळीभर सांगितलं. मला वाटलं, इतक्या लवकर विसरलास रे मला?

मग आत पाळणा कुरकुरू लागला.

"वारा हाय," सासू म्हणाली. माजघराला खिडकीच नव्हती.

त्या दुपारी मी तिला ओलांडून आत गेले. पाळणा हलत होता. दोरी धान्याच्या कणगीमागच्या अंधाराकडं ताणलेली होती. तिचा फास जमिनीपासून वीतभर वर, पुढं-मागं होत होता. तिथं कुणीच नव्हतं.

मी फास धरला. तो अंगासारखा कोमट होता. पाळणा थांबला. धाकलूनं डोळे उघडले, मला पाहिलं आणि परकी बाई दिसावी तसा किंचाळला.

सासूनं माझ्या हातातून दोरी सोडवली. कणगीकडं तोंड करून, माझ्याशी कधी बोलली नाही इतक्या मऊ आवाजात ती म्हणाली, "हिच्याकडं ध्यान देऊ नका. तुमी चालू द्या."